रस्ता म्हणजे कुणाचं घर नव्हे

आमच्या ह्यांना प्रवासापेक्षा प्रवासाच्या तयारीची हौस जास्त. बोईसरहून पालघरला भाजी आणायला निघाले तरी पिशवीत दोरी, चाकू आणि बॅटरी असायचीच. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. हे तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे आणि आम्ही कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायचो. दिवसभर दुसऱ्यांचे नकाशे काढून आलेला माणूस संध्याकाळी स्वतःचे नकाशे काढत बसे. आधी कपाटाचा, मग मोरीचा, मग परसातल्या वांग्यांच्या वाफ्याचा. वांगी त्या नकाशाप्रमाणे आली नाहीत, हा भाग वेगळा.

मोठ्या सफरीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते बोईसरच्या एका रद्दीच्या दुकानात. बांधकामावरचे परदेशी इंजिनियर मायदेशी परतले की त्यांच्या घरची रद्दी त्या दुकानात यायची. त्यात ह्यांना एक गुळगुळीत कागदाचं मासिक सापडलं. आत ऑस्ट्रेलियाचे फोटो. लाल माती, कमरेएवढं वाळलेलं गवत, नजर पोचेल तिथवर एक घर नाही, आणि त्यातून धुरळा उडवत निघालेली जीप. टपावर पाण्याचे आणि पेट्रोलचे कॅन दोरीनं आवळलेले. हे ते मासिक मांडीवर घेऊनच जेवायला बसले. आमटी गार झाली तरी पान उलटणं थांबेना.

"असा मुलूख आपल्याकडेही आहे," ते म्हणाले. "मनोर ओलांडलं की विक्रमगड, जव्हार, मोखाडा. सगळा गवताचाच माळ. आणि त्या माळापलीकडे काय आहे?"

"काय आहे?"

"तुझं माहेर."

मला ते कधी सुचलं नव्हतं. माझं माहेर त्र्यंबकचं. आम्ही जायचो ते आगगाडीनं, मुंबईला भला मोठा वळसा घालून नाशिकला, आणि तिथून पुढे. सरळ डोंगर चढून गेलं की माझ्या वडिलांच्या दुकानासमोरच उतरता येईल, हे मला माझ्या नवऱ्यानं कागदावर बोट ठेवून दाखवलं. त्यांचं बोट समुद्रापासून निघून त्र्यंबकला पोचायला जेमतेम एक घास चावण्याइतका वेळ लागला. प्रत्यक्षात काय झालं ते सांगतेच आहे.

पण आधी माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्र्यंबकला त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं लहानसं दुकान होतं. मितभाषी माणूस, व्यवहाराला चोख, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. आमच्याकडे अशी रीत होती, की मुलीला मूल होईपर्यंत आईवडिलांनी तिच्या घरी जेवायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. कन्यादान केलं, आता त्या घरचं आपण काही घ्यायचं नाही, असं काहीतरी त्यामागे होतं. बहुतेकांच्या बाबतीत त्याचा फारसा त्रास होत नाही. वर्ष-दीड वर्षात पाळणा हलतो, बारशाला आजी-आजोबा पोटभर जेवतात आणि प्रश्न मिटतो. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आमच्याकडे पाळणा हलायचं नाव नव्हतं.

आई त्याच दिवसांत गेली. कावीळ झाली आणि बघता बघता संपलं सगळं. मी इतका स्वयंपाक शिकले तो तिच्याकडून, आणि माझ्या संसारातली एक वाटी आमटी तिच्या पोटात गेली नाही. मला त्याचं फार दुःख झालं, आणि दुःखापेक्षा संताप जास्त आला. कुणावर काढायचा ते मात्र कळत नव्हतं.

आई गेल्यानंतरच्या दिवाळीत आप्पा एकटेच आमच्याकडे आले. माझ्यासाठी साडी, ह्यांच्यासाठी धोतरजोडी, जी हे कधीच नेसणार नव्हते. मी पहाटेपासून खपून पुरण घातलं होतं. मनात म्हटलं, आता आई नाही, आता तरी विरघळतील. आप्पा आत आले, खोल्या बघितल्या, "छान ठेवलंयस," म्हणाले, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. पिशवीतून शेंगदाणे आणि गूळ काढला. फिरकीचा तांब्या उघडून त्र्यंबकहून आणलेलं पाणी प्यायले. शेजारीण दारातून बघत होती. तिनं मला विचारलं, "तुमचे वडील उपाशी का बसलेत?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ते संध्याकाळच्या गाडीनं गेले आणि ते सगळं पुरण मी एकटीनं रागारागानं खाल्लं. दोन दिवस पोट धरून पडून होते.

त्यानंतर त्यांना दम लागू लागला. दुकानाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायचे, आणि कुणी बघतंय म्हटल्यावर रस्त्याकडे काहीतरी बघत असल्यासारखं करायचे. माहेरी गेले की मला ते दिसायचं. आईसारखे हेही तसेच जाणार, माझ्या हातचं न जेवता, ही एकच धास्ती माझ्या मनात घर करून बसली होती. ह्यांना मी ती सारखी बोलून दाखवायची. ते मूग गिळून बसायचे. मला वाटायचं, ऐकतच नाहीत.

ऐकत होते. मासिक आणल्यावर आठवड्याभरानं एका संध्याकाळी नकाशावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "आप्पा तुझ्या घरी जेवत नाहीत. बरोबर?"

"त्यात आता नवीन काय?"

"मग रस्ता कुणाच्या घरात येतो?"

मी म्हटलं, "सरकारच्या."

"म्हणजे तुझ्या नाही. आपण जीपनं त्र्यंबकला जायचं. आप्पांना घेऊन परत निघायचं. त्यांनी समुद्र बघितलेला नाही, तो दाखवायला आणतोय असं सांगायचं. मध्ये मोखाड्याच्या अलीकडे माळावर थांबायचं. तिथे तू स्वयंपाक करायचास. ना तुझं घर, ना माझं घर. गवतात बसून जेवायला कुठल्या रीतीची आडकाठी आहे?"

लग्नानंतर मी ह्यांच्यावर प्रेम करत होतेच, पण त्या संध्याकाळी जरा जास्त केलं.

मी आप्पांना पत्र टाकलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले, कारण आप्पांनी त्यावर दुकानात बसून नीट विचार केला होता. त्यांना ही युक्ती पटली होती, पण दुकानदार माणूस, अटी घातल्याशिवाय सौदा कसला? तांदूळ त्यांचे असतील. डाळ, तेल, मीठ, तिखट त्यांचंच. भांडी दुकानातली, नवीकोरी. सरपण तिथेच गोळा करायचं, घरून स्टो आणायचा नाही. रात्री मुक्काम तारापूर गावातल्या देवळाच्या धर्मशाळेत. आणि शेवटी लिहिलं होतं, "हात तुझे चालतील."

पत्र वाचून हे हसत सुटले. मी नाही हसले. मला तेवढंच तर हवं होतं.

मग तयारी सुरू झाली. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप ह्यांनी आणली. आमच्या शिलकीचं त्यात काय झालं ते सांगत नाही. बोईसरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहब, जाने को तो जाएगी. आने का आप देख लो." ह्यांना ते आव्हानच वाटलं. दर रविवारी जीपचा एकेक अवयव आमच्या पायरीवर वर्तमानपत्रावर मांडलेला असायचा. माझ्या पोळपाट-लाटण्याची जागा फॅनबेल्ट आणि ट्यूबनं घेतली. पाट्या, फावडं, जाड दोरखंड, चाकाखाली घालायला गोणपाटं, पेट्रोलचे कॅन, पाण्याचे कॅन, साप चावला तर लावायच्या औषधाची बाटली. एवढंच काय, एक होकायंत्रही. मी विचारलं, "आपण नक्की त्र्यंबकलाच चाललोय ना?"

खरी गंमत म्हणजे त्याच रस्त्यानं एस.टी. धावत होती. लोक कोंबड्या, टोपल्या आणि पोरंबाळं घेऊन तिच्यातून आरामात ये-जा करायचे. मी ते एकदाच बोलून दाखवलं. ह्यांचा चेहरा इतका पडला, की पुन्हा एस.टी.चं नाव काढलं नाही.

आणि नकाशा. सर्व्हेच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यांनी तो स्वतः उतरवला होता. रस्ता लाल शाईनं, चढ तपकिरी, ओढे-नद्या निळ्या. जेवायला थांबायची जागा त्यांनी फार विचार करून निवडली. परतताना मोखाडा मागे पडल्यावर एक सपाट माळ, त्यावर आंब्याच्या झाडाची खूण, आणि झाडाला खेटून जाणारी निळी रेघ. "सावली आहे, पाणी आहे," ते म्हणाले. "भात धुवायला, भांडी घासायला कुठे जायला नको." आप्पांच्या यादीत पाण्याचा उल्लेख नव्हता. असायचं कारणच नव्हतं. वाहत्या ओढ्याचं पाणी कुणाच्या घरचं असतं?

फाल्गुनात निघालो. पालघर सोडलं, मासवणला सूर्या नदी ओलांडली, मनोरच्या हमरस्त्यावर ट्रकांची रांग चुकवली आणि मग खरंच तो मुलूख सुरू झाला. गवताची कापणी कधीच उरकली होती. भाऱ्यांनी लादलेल्या बैलगाड्या पालघरच्या वखारींकडे चालल्या होत्या. गाडी दिसायची नाही, नुसता गवताचा डोंगर हलत समोर यायचा. जिथे विळा पोचला नव्हता अशा उतारांवर पिवळंधमक गवत उभं होतं आणि वारा आला की सगळा डोंगर एका बाजूला झुकायचा. मध्येच एखादी झोपडी, कुडाला टेकवलेली काठी, दारात बसलेलं म्हातारं माणूस. हे मधूनमधून मासिकातल्यासारखे डोळे बारीक करून बघायचे. मला हसू यायचं आणि ते फार आवडायचेही.

जीप कुठेही अडली नाही. फावडं बाहेर निघालं नाही, दोरखंड सुटला नाही, पाण्याच्या कॅनातला थेंबसुद्धा लागला नाही. आमच्या मागून निघालेली एस.टी. जव्हारच्या पुढे आम्हाला मागे टाकून गेली. हे म्हणाले, "जाऊ दे. ती घाईत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना घेऊन परत निघालो. त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, डोक्याला मफलर गुंडाळला होता. तांदळाची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. पायाशी नवं पातेलं, झाकण, पळी. जीपमध्ये बसल्यावर लहान मुलासारखे इकडेतिकडे बघत होते, पण तोंडानं एवढंच म्हणाले, "जावईबापू, वळणावर जरा हळू घ्या." घाट, धुरळा, ऊन. त्यांना कोरड पडायची, दर थोड्या वेळानं फिरकीचा तांब्या उघडायचे. मोखाडा यायच्या आतच तो रिकामा झाला.

आंबा नकाशात होता तिथेच उभा होता; जाताना तिथे अंधार पडल्यानं तो दिसला नव्हता. डेरेदार, काळीभोर सावली. ह्यांनी जीप थांबवली, उतरून झाडाला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू तो त्यांनीच लावला होता. मग ओढ्याकडे गेले.

ओढा होता. म्हणजे दगड होते, वाळू होती, दोन काठ होते. पाणी नव्हतं.

हे त्या कोरड्या पात्रात नकाशा उघडून उभे राहिले. कागदावर निळी रेघ, पायाखाली वाळू. ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला कागद खोटा वाटत नाही, जमीनच चुकली असं वाटतं. त्यांनी थोडं वर जाऊन बघितलं, थोडं खाली जाऊन बघितलं, मग मुकाट्यानं परत येऊन जीपमधून पाण्याचा कॅन उतरवला.

मी तोवर दगडांची चूल मांडून वाळक्या काटक्या पेटवल्या होत्या. आप्पांनी स्वतः तांदूळ मोजून दिले. मी पातेलं पुढे केलं. हे कॅनचं बूच काढत होते, तेवढ्यात आप्पांनी विचारलं, "हे पाणी कुठलं?"

मी ह्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले. त्र्यंबकचं म्हणायला काय जात होतं? पण ह्यांना खोटं बोलता येत नसे. "आमच्या घरचं," ते म्हणाले. "कॉलनीतल्या नळाचं. जाताना लागलंच नाही, म्हणून तिकडे बदललं नाही."

आप्पांनी तांदळाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. झाडाच्या बुंध्याला टेकून बसले, दम लागला होता, ओठ सुकलेले दिसत होते. हे म्हणाले, "मी मोखाड्याला परत जाऊन पाणी आणतो." आप्पांनी मान हलवली. "राहू द्या. मला फारशी भूक नाही."

फारशी भूक नाही. दिवाळीतही पायरीवर बसून हेच म्हणाले होते. माझ्या हातात पळी होती, ती मी चुलीत भिरकावली.

"आई अशीच गेली," मी म्हटलं. "तुम्हीही असेच जा. मग तुमचं दहावं-तेरावं घालताना मात्र माझ्या घरचं पाणी चालेल तुम्हाला."

त्या बोलण्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं. मी उठले आणि जीपच्या पलीकडे जाऊन गवतात बसले. रडू येत होतं, पण रागापुढे त्याला वाट मिळत नव्हती. तिथून मला जीपच्या खालून आंब्याची सावली, चुलीचा धूर आणि आप्पांचे पाय दिसत होते.

तेवढ्यात उतारावरून एक बाई आली. डोक्यावर गवताचा भारा, कडेवर पोर. आमच्यासमोर येऊन तिनं भारा खाली टाकला आणि झाडाखाली उभी राहिली. आधी कोरड्या ओढ्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

"तुमी हिथं पान्यासाठी थांबले का?" तिनं विचारलं. "हिथं पानी नाय. दिवाळीपर्यंत आसतं, मंग नाय. हीर खाली हाय, लांब." मग कॅनकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडं हाय वाटतं. पोराला द्याल का जरा?"

हे कॅन उचलायला गेले. पण त्याआधी आप्पा उठले होते. त्यांनी आपला फिरकीचा तांब्या उघडला, ह्यांच्यासमोर धरला आणि म्हणाले, "यात ओता." माझ्या घरचं पाणी आप्पांच्या तांब्यात पडताना मी जीपच्या आडून मान काढून बघत होते. त्यांनी पोराच्या ओंजळीत धार धरली. पोर प्यायलं, अर्धं अंगावर सांडलं. मग बाई प्यायली. पुन्हा तांब्या भरला, पुन्हा धरला. प्यायल्यावर तिनं तोंड पुसलं आणि जरा विचार करून म्हणाली, "औशदाचा वास येतो पान्याला."

"नळाचं आहे," ह्यांनी सांगितलं.

"आसंल," ती म्हणाली. आप्पांनी भारा उचलायला हात लावला, तो डोक्यावर घेऊन ती मोखाड्याच्या बाजूला निघून गेली.

आप्पा तांब्या हातात धरून उभेच होते. तळाशी थोडं पाणी उरलं होतं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं. मग तोंड वर केलं आणि ते पाणी प्यायले.

मी धावत गेले. ते झाडाखाली बसले होते. तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "खरंच वास येतो गं. अजून घाल."

मी घातलं. ते घटाघटा प्यायले. मग मला शेजारी बसवून घेतलं आणि सांगितलं, जे त्यांनी सहा वर्षांत सांगितलं नव्हतं. ही नुसती रीत नव्हती. आईनं त्याचं व्रत केलं होतं. मुलीच्या घरी नातवाच्या बारशालाच जेवू, तोवर नाही, असं तिनं देवापुढे म्हटलं होतं. आपण आपला शब्द पाळला, तर देवालाही त्याचा पाळावा लागेल, असा तिचा हिशेब होता. ती गेल्यावर ते व्रत आप्पांनी चालवलं.

"मोडलं तर तुझं वाईट होईल अशी भीती वाटायची," ते म्हणाले. "तुला वाटायचं, बाप दगड आहे. पायरीवर बसून ते शेंगदाणे घशाखाली उतरत नव्हते माझ्या."

"मग आता का मोडलंत?"

"आता मी म्हातारा झालो. नातवाची वाट बघता बघता पोटची पोरगी समोर उपाशी बसलेली दिसेनाशी झाली होती." "नातू आला तर आनंद आहे. नाही आला तरी मला तू आहेस. मला तू पुरेशी आहेस."

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आनंद झाला आणि त्याच क्षणी काळजात कळ उठली. सहा वर्षं ज्या घोटभर पाण्यासाठी मी जीव टाकला, ते पाणी पिताना आप्पांनी नातवाची वाट बघणं सोडून दिलं होतं, आणि ते मला आणि त्यांना दोघांनाही कळत होतं. मूल आम्हाला पुढेही झालं नाही. पण त्या दिवसापासून मला घरात काही कमी आहे असं वाटायचं बंद झालं, हेही खरं.

हे लांब उभे राहून उगीच जीपचं चाक तपासत होते. मी त्यांना हाक मारली आणि भात टाकला. तो खालून लागला, कारण माझं लक्ष नव्हतं. तिघांनी तो खरवडून खाल्ला.

बोईसरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. फाट्यावर ह्यांनी जीप हळू केली. ठरल्याप्रमाणे आधी जवळच्याच नवापूरच्या किनाऱ्यावर समुद्र दाखवायचा होता आणि मग आप्पांना धर्मशाळेत सोडायचं होतं. आप्पांनी ह्यांच्या खांद्याला हात लावला.

"समुद्र कुठे पळून जातोय, जावईबापू? तो उद्या बघू. आधी घरी घ्या."

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले आणि थेट स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसले. मी स्टो पेटवला. माझ्याच घरचे तांदूळ, माझ्याच घरची डाळ, नळाचं पाणी. भात, आमटी, बटाट्याची भाजी, लोणचं. घाई झाली होती, दुसरं काही करायला सुचलं नाही. दोघांची पानं मांडली.

"अजून एक मांड," आप्पा म्हणाले.

"मी मागून बसेन."

"तुझं नाही. तुझ्या आईचं."

मी पाट ठेवला, पान मांडलं. सगळं वाढलं, भातावर तूप सोडलं. आप्पांनी आपल्या पानाभोवती पाणी फिरवलं, मग आईच्याही पानाभोवती फिरवलं, आणि जेवायला सुरुवात केली. आमटी दोनदा मागून घेतली. हे मान खाली घालून जेवत होते. मी वाढत होते. आईचं पान तसंच होतं आणि मधूनमधून आम्ही तिघंही त्याकडे बघत होतो.

जेवण झाल्यावर आप्पांनी हात धुतले आणि परत येऊन आपल्या जागी बसले.

"तुझ्या आईचं झालं," ते म्हणाले. "तुझ्या घरी जेवली ती. आता तिच्या पानावर तू बस."

मी बसले. भात गार झाला होता. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, आणि दोघांपैकी कुणीही मला ते सांगितलं नव्हतं.